सरकारी कार्ड मिळालं, आता मेडिक्लेम बंद करू का?

वाचकाचं पत्र

माई, नमस्कार. मी सावंतवाडी तालुक्यातली, वय ४३. यजमानांचं बाजारपेठेत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. त्यांना शुगर, बीपी, आणि दोन्ही गुडघे गेलेले. सासरे होते तेव्हा, सहा वर्षांपूर्वी, घरातल्या सगळ्यांचा मिळून ५ लाखांचा मेडिक्लेम काढला. सुरुवातीला हप्ता झेपला, या वर्षी ६१ हजारांची नोटीस आलीय. यजमान म्हणतात, आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनासुद्धा सरकारने ५ लाखांचं कार्ड दिलंय, मग हे पैसे कशाला भरायचे?

धाकटे दीर २२ वर्षं इंग्लंडात, लेस्टरला असतात. त्यांचं म्हणणं, सरकारनेच सगळ्यांच्या औषधपाण्याचं बघायचं हीच खरी पद्धत. दोन वर्षांपूर्वी रात्री त्यांना हार्ट अटॅक आला. अँब्युलन्स आली, स्टेंट टाकले, तिसऱ्या दिवशी घरी. एक पौंड लागला नाही. पण जाऊबाईंना खुब्याच्या ऑपरेशनसाठी १४ महिने थांबावं लागलं, हेही तेच सांगतात. सासूबाईंचं वेगळंच: ‘माझो झील थंय आसा, तर हंय कित्याक पैशे घालवतास?’ त्यांना गुडघे तिकडे जाऊन करायचेत. माझं माहेर पेडण्याचं. भावाकडे गोव्याचं कार्ड आहे, काही झालं की तो बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो आणि निर्धास्त असतो. मी पत्रादेवीच्या, म्हणजे गोव्याच्या सीमेच्या अलीकडे राहते, म्हणून मला ते नाही.

आणि एक मनातलं. पाच वर्षांपूर्वी पहाटे सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हते. बांबोळीला नेताना ते वाटेतच गेले. तेव्हा मेडिक्लेम चालू होता. म्हणून विचारते, सरकारने सगळ्यांना मोफत उपचार द्यायचे हे चांगलं की वाईट? त्यावर विसंबून राहू का? हप्त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर

ताई, तारीख जवळ आहे म्हणून उत्तर आधी देते. मेडिक्लेम बंद करू नका. पण आहे तसाही भरू नका. त्यात काय बदलायचं ते शेवटी लिहिते. सासूबाईंना ऑपरेशनसाठी इंग्लंडात न्यायचा विचार मनातून काढून टाका. आणि सरकारी कार्ड घरातल्या प्रत्येकाचं, याच आठवड्यात काढून घ्या.

तुमचे यजमान आणि दीर दोघंही मनापासून बोलतायत. पण दिरांना तिकडे जे मिळालंय आणि यजमानांच्या हातात जे कार्ड येणार आहे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं सगळं कोडं त्या फरकात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी २७ वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक होते. पेशंटच्या पैशांची सोय होत नसली की डॉक्टर चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवायचे. माझ्या टेबलाच्या खणात एक लांबोडी वही असायची. ट्रस्टांचे पत्ते, हृदयासाठी कोण देतं, फक्त लहान मुलांसाठी कोण, कोणाला उत्पन्नाचा दाखला लागतो, कोणाला तहसीलदारांची सही. हृदयाच्या एका झडपेसाठी चार-चार ठिकाणी अर्ज करायचे आणि वाट बघत बसायचं. मंजुरीचं पत्र यावं आणि पेशंट आठवड्यापूर्वीच गेलेला असावा, असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. ते पाकीट फोडायला हात उचलायचा नाही.

२ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती राज्यभर आली, २०१७ पासून तिला महात्मा ज्योतिबा फुले यांचं नाव आहे. तेव्हा पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्यांना वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे. योजना आली आणि माझी वही आठवडेच्या आठवडे खणात पडून राहायला लागली.

एक शनिवारची संध्याकाळ सांगते. डोंगराकडच्या एका वाडीवरचा माणूस आला. बायकोच्या मेंदूत रक्तस्राव झालेला, ऑपरेशन रात्रीच करायला हवं होतं. त्याच्या हातात साखरेची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी पडून विरलेलं रेशनकार्ड. उघडून बघतो तर त्यावर बायकोचं नावच नाही. लग्नाला अकरा वर्षं झालेली, माहेरच्या कार्डावरचं नाव काढलेलं आणि सासरच्या कार्डावर चढवायचं राहून गेलेलं. तहसील कार्यालय सोमवारी उघडणार. आमच्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेचं काम बघायला रुग्णालयात बसणाऱ्या माणसाने, फोनवरून तातडीची नोंद केली, कागद मागाहून देण्याची मुदत मिळवली, रात्री साडेदहाला पेशंट टेबलावर गेली. त्या गडबडीत पिशवीतला दुसरा कागद खाली पडला. सातबारा होता. तो माणूस घरातून निघतानाच जमीन गहाण टाकायच्या तयारीने निघाला होता. तो कागद मी उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, हा आत ठेवा, हा लागणार नाही.

सगळ्यांसाठी सरकारी उपचार असावेत असं मला का वाटतं, ते मी त्या सातबाऱ्यावरून सांगते. आजारपण कोणाला कधी गाठेल याचा नेम नसतो, आणि ज्याच्यावर ते येतं तो त्या घडीला घासाघीस करायच्या अवस्थेत नसतो. भाजी महाग वाटली तर आपण पुढच्या गाळ्यावर जातो. छातीत कळ आलेला माणूस चार दवाखान्यांचे दर विचारत फिरत नाही. सगळ्यांनी थोडं थोडं आधी टाकून ठेवायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने त्यातून उचलायचं, याहून सरळ मार्ग नाही. विमा कंपनीही हेच करते, पण ती वय बघते, जुनी दुखणी बघते, आणि ज्याला गरज जास्त त्याच्याकडून जास्त घेते. तुमचा हप्ता ६१ हजारांवर गेलाय तो सासूबाईंच्या वयामुळे. सरकार उभं राहिलं तर ७२ वर्षांच्या बाईला आणि १२ वर्षांच्या पोराला एकाच दारातून आत घेता येतं.

आता आपल्याला मिळालेल्या कार्डाबद्दल. २०२३ मध्ये राज्य सरकारने ठरवलं आणि १ जुलै २०२४ पासून योजना उत्पन्नाची अट न ठेवता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख. केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची सांगड घातलेली आहे. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, आयुष्मान वय वंदना कार्डावर स्वतःचं वेगळं ५ लाखांचं कवच आहे. खासगी मेडिक्लेम असला तरी ते मिळतं. सासूबाईंचं ते कार्ड आधार आणि मोबाईल घेऊन गेलात तर बसल्याजागी निघेल.

ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. अँजिओप्लास्टी, केमोथेरपी, डायलिसिस अशा कुटुंबं रस्त्यावर आणणाऱ्या उपचारांना ती उभी राहते. पण हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालायला लागतं, आणि तेही यादीतल्या उपचारांना, योजनेत नाव असलेल्या रुग्णालयात. सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. बाहेरून केलेली रक्ततपासणी, डॉक्टरांची फी, फिजिओथेरपी त्यात नाही. डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांचा फॉलो-अप झाला की पुढचं सगळं पुन्हा आपल्या खिशातून. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांतच करायच्या म्हणून राखून ठेवलेल्या असतात. आणि घरातली चिल्लर संपवतो तो खर्च बहुतेक वेळा ऑपरेशनचा नसतोच, तो महिन्याच्या महिन्याला मेडिकलच्या दुकानात जातो. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या हिशेबाप्रमाणे देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या १०० रुपयांतले ३९ रुपये लोक थेट खिशातून देतात. २०१३-१४ मध्ये हेच ६४ रुपये होते. उतार मोठा आहे, पण ३९ रुपयेही थोडे नाहीत.

आणि तुमच्या सासऱ्यांना पहाटे जे हवं होतं ते या कार्डात नाही. त्यांना बिल भरणारा नको होता, त्यांना ईसीजी काढून पहिली गोळी जिभेखाली ठेवणारा माणूस हवा होता. मेडिक्लेम तेव्हाही चालू होता, तुम्हीच लिहिलंयत. त्या पहाटे ५ लाखांचं सरकारी कार्ड असतं तरी तेच झालं असतं. तुमच्या मनात ‘आपण काही करायला हवं होतं का’ असं काही घर करून असेल तर ते आज काढून टाका. तुम्ही १०८ ला फोन केला असेल, गाडीत घातलं असेल, जे हातात होतं ते केलंत. जे हातात नव्हतं ते उभं करणं सरकारचं काम होतं.

तुमच्या दिरांच्या बाबतीत ते उभं होतं. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. तिथे कोणाच्या हातात पाच-दहा लाखांचं कार्ड नसतं, कारण तिथे बिलच नसतं. प्रत्येकाचं नाव घराजवळच्या डॉक्टरकडे नोंदवलेलं असतं, सर्दीपासून गाठीपर्यंत आधी त्याच्याकडे जायचं, पुढे पाठवायचं की नाही ते तो ठरवतो. पैसे करातून येतात. इंग्लंडात गोळ्यांच्या प्रत्येक चिठ्ठीमागे ठरलेलं शुल्क आहे, पण साठीच्या पुढच्यांना आणि गोळ्या-इन्सुलिनवरच्या मधुमेहींना तेही माफ. सुरुवातीला सगळंच फुकट होतं. १९५१ मध्ये चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क बसवायचं ठरलं तेव्हा ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. एवढी ती गोष्ट त्यांच्या जिवाशी होती.

आपल्याकडेही हा विचार तेव्हाचाच आहे, आणि तो आपल्या मातीतल्या माणसाने मांडलाय. सर जोसेफ भोर नाशिकचे, पुण्यात शिकलेले. त्यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये, हे पहिलं सूत्र धरलं. त्यांच्या लांबच्या आराखड्यात दर १० ते २० हजार वस्तीमागे ७५ खाटांचं रुग्णालय होतं. म्हणजे भोर समितीने सुरुवात गावापासून केली होती. आपण आज दुसऱ्या टोकापासून, मोठ्या ऑपरेशनच्या बिलापासून सुरुवात केली आहे. डोंगराळ भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा नियम कागदावर आहे, इमारतही असते, पण तिथला डॉक्टर रुजू होतो आणि वर्षाच्या आत बदली घेऊन जातो. क्वार्टर गळतं, मुलांना शाळा नाही, रात्री एकट्या लेडी डॉक्टरला सोबत नाही. हे मी त्यांच्या बाजूने सांगतेय. मीही अशा क्वार्टरमध्ये राहिले आहे.

याचं मूळ पैशात आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. ब्रिटनचं सरकार याच्या चौपटीहून जास्त हिस्सा घालतं. तरीही तुमच्या जाऊबाईंना १४ महिने थांबावं लागलं, आणि हे त्या पद्धतीचं खरं दुखणं आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिथला नियम असा, की शंभरातल्या ९२ जणांचे ठरवून करायचे उपचार १८ आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत. हा नियम शेवटचा पाळला गेला तो २०१६ च्या सुरुवातीला. २०२३ च्या सप्टेंबरात इंग्लंडात ताटकळलेली प्रकरणं ७७ लाखांवर गेली होती. बिल नसलं की रांग असते. खासगीत रांग पैशाने लागते, सरकारीत ती आजाराच्या तीव्रतेने लागते. हार्ट अटॅक आलेला माणूस पहिला आत जातो, खुबा दुखणारी बाई मागे राहते. दिरांची रात्र आणि जाऊबाईंचे १४ महिने एकाच नियमातून आलेत. तो नियम मला न्यायाचा वाटतो. पण १४ महिने जिना चढताना ज्यांनी दात-ओठ चावले त्यांना विचारलं तर त्या काय सांगतील, तेही मला कळतं.

दुसरा तोटा आपल्याकडचा, आणि तो जास्त जिवावर बेतणारा. सरकार पैसे देणार आणि उपचार खासगी रुग्णालय करणार, अशी मांडणी केली की दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू होते. पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात, म्हणून काही रुग्णालयं योजनेतल्या पेशंटला ‘बेड नाही’ सांगतात किंवा एखादी वस्तू बाहेरून आणायला लावतात. आणि काही याच्या उलट करतात. २०२४ च्या नोव्हेंबरात अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने खेड्यात शिबिर भरवलं, तिथून माणसं बसने आणली, १९ जणांची अँजिओग्राफी आणि त्यांतल्या सात जणांची अँजिओप्लास्टी आयुष्मान कार्डावर केली. दोघं दगावले. म्हणून सांगते, गावात शिबिर आलं आणि कोणी सासूबाईंना लगेच स्टेंट सांगितला, तर कार्ड पर्समध्येच ठेवा आणि रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

निव्वळ सरकारी रुग्णालयांतही सगळं आलबेल नाही. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल. त्यांत १२ तान्ही बाळं होती. मोफत असून माणसं, औषधं, जागा अपुरी असली की काय होतं ते त्या दिवशी राज्याने पाहिलं. फुकट मिळतंय म्हणून लोक तक्रार करायला कचरतात, हेही मी रोज बघायचे. ‘सायब, जमलं तर बघा’ अशी विनवणी करतात, जणू कोणी उपकार करतंय. करातून गेलेले पैसे त्यांचेच असतात. काडेपेटी घेतली तरी कर भरला जातो.

तुमच्या भावाच्या कार्डाबद्दल लिहायचं राहिलं. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये आली. पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या जवळपास कुठल्याही कुटुंबाला, उत्पन्न कितीही असो. तीन माणसांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. म्हणजे सगळ्यांना कवच द्यायचं हे आपल्या शेजाऱ्याने आपल्या आधी केलं. आणि बांबोळीचं रुग्णालय तर पूर्वीपासून आपल्या सिंधुदुर्गातल्या माणसाचं शेवटचं आशास्थान. ‘बांबोळीक हलयलो’ म्हटलं की पुढचं विचारायचं नाही, एवढं सगळ्यांना कळतं. २०१८ च्या जानेवारीपासून तिथे परराज्यातल्या पेशंटांना शुल्क लागू झालं तेव्हा सीमेवरच्या दोडामार्गात माणसं रस्त्यावर बसली. मला दोन्हीकडचं पटतं. गोव्याचा माणूस म्हणणार, माझ्या कराच्या पैशातली खाट आधी मला. दोडामार्गचा म्हणणार, रक्तस्राव सीमा बघून होत नाही. सगळ्यांसाठी म्हणताना ‘सगळे’ कुठपर्यंत, हा प्रश्न अशा प्रत्येक योजनेला पडतो आणि रेघ कुठेतरी ओढावी लागते. पण आपल्या जिल्ह्याने वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या दारावर विसंबून राहावं हे काही बरोबर नाही. जिल्ह्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालंय. तिथे हृदयाचे, मेंदूचे डॉक्टर टिकून राहिले पाहिजेत, आणि ते आपोआप होत नाही. त्यासाठी बोलावं लागतं.

इंग्लंडातही ती रेघ आहेच, म्हणून सासूबाईंना तिकडे न्यायचं नाही म्हटलं. पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाला तिथे अपघात विभागातली तपासणी फुकट मिळते, पण गुडघा बदलण्यासारख्या ठरवून करायच्या ऑपरेशनचे दीडपट दराने पैसे आधी भरावे लागतात. कामाच्या व्हिसावर जाणाऱ्यांनाही २०२४ च्या फेब्रुवारीपासून माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधी भरावा लागतो. मुलाचा देश असला तरी आईची तिथे नोंद नाही. हे त्यांना दिरांनीच फोनवर सांगितलेलं बरं, सुनेच्या तोंडून ऐकलं तर भलता अर्थ निघेल.

आता हप्त्याकडे. एकत्र पॉलिसीचा हप्ता घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. सासूबाईंना त्यातून काढून त्यांची पॉलिसी वेगळी करता येते का ते एजंटला विचारा, आणि त्यांची सहा वर्षांची नोंद पुसली जाणार नाही हे लेखी घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका. त्या बाजूला झाल्या की तुम्हा चौघांचा हप्ता एकदम खाली येईल. मग हिशेब मांडा. दोन्ही झेपत असतील तर दोन्ही ठेवा. झेपत नसतील तर सासूबाईंची पॉलिसी सोडायचा विचार करता येईल, कारण त्यांच्यामागे वय वंदनाचं स्वतंत्र कवच आहे. पण ते कार्ड हातात पडण्याआधी आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते चालतं हे बघण्याआधी काही सोडू नका. तुम्हा चौघांचं मात्र चालू राहू द्या. यजमान पन्नाशीकडे आलेत. आज पॉलिसी मोडली आणि चार वर्षांनी पुन्हा काढायला गेलात, तर तोवर निघालेल्या शुगर-बीपीसाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठलाय. ६१ हजारांच्या आकड्यात तो धरलेला नाही ना, नोटीस नीट वाचा.

कंपनी बदलायची झाली तर जुनी वर्षं सोबत घेऊन बदलता येते, पण अर्ज मुदत संपायच्या दीड महिना आधी द्यावा लागतो. या वर्षी ती वेळ बहुधा गेलीय. पुढच्या वर्षी बघा.

सासूबाईंच्या गोळ्या तुम्ही विकत आणत असणार. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मिळतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे आहेत, तिथे विचारून घ्या. ज्या दवाखान्याने सासऱ्यांच्या वेळी निराश केलं त्याच्या पायरीवर पाय ठेवणं तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. पण तुमच्यासारखी दुकानदारांची घरं तिथे जायची थांबली की तिथल्या रिकाम्या खुर्चीबद्दल बोलणारं कोणी उरत नाही. तुमच्या दोन्ही मुलांच्या लसी बहुधा गावच्या उपकेंद्रातच झाल्या असतील, गावातल्या सगळ्या मुलांबरोबर. तो दवाखाना चालतो तेव्हा चांगला चालतो. ग्रामसभेत एकदा उभ्या राहा आणि रात्रपाळीला डॉक्टर किती दिवस असतात एवढंच विचारा. आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात कोण कोण आहे तेही विचारा. तुम्ही का विचारताय हे गावाला माहीत आहे. तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

गुडघ्यांचं ऑपरेशन कार्डावर जवळ कुठे होतं त्यासाठी १५५३८८ वर फोन करा, किंवा योजनेत असलेल्या कुठल्याही रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्राला भेटा. तो दाराशीच बसलेला असतो. डॉक्टरांच्या आधी त्याला भेटायची सवय लावा, दाखल झाल्यावर दुसऱ्या दिवशी नको. गुडघ्यांची घाई नाही, शुगर आटोक्यात आल्याशिवाय कोणी हात लावणारही नाही. तोवर कागद पुरे करून ठेवा.

आणि आज रात्री दुकान बंद करून यजमान घरी आले की रेशनकार्ड काढून दोघांनी मिळून बघा. दोन्ही मुलांची नावं चढलेली आहेत का, तुमचं नाव माहेरच्या आडनावाने राहिलेलं नाही ना, आधारवरचं आणि त्यावरचं स्पेलिंग जुळतंय का. चुकलं असेल तर सोमवारी तहसीलला जा. सासूबाईंचं कार्ड हातात आलं की मला दोन ओळी लिहा.

तुमची,
माई